अकरा पाळनिजे

‘पाळनिजे!’ अशी हाक आली आणि केवळराम सवयीने उठले. त्याच वेळी बाकाच्या दुसऱ्या टोकाला आणखी कुणीतरी उठलं.

भंडाऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्याची ती लांबट खोली होती. भिंतीशी लोखंडी बाक, त्यावर हिरवे-काळे चष्मे लावून बसलेली म्हातारी माणसं, आणि फिनाईलच्या वासात मिसळलेला कुणाच्या तरी डब्यातल्या आंब्याच्या लोणच्याचा वास. केवळराम अर्धे उठून तसेच थांबले. गुडघे वाकलेले, एक हात बाकाच्या पाठीवर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. त्र्याहत्तर वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. शाळेत चार मेश्राम होते, तीन बावनकर होते. मास्तरांना त्यांना बापाच्या नावासकट हाक मारावी लागे. पाळनिजे म्हटलं की वर्गात एकच मान वर होई, आणि तिच्याबरोबर खसखस पिके. “पाळीवर निजते का बे?” तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, निजणारा तो पाळनिजे, हा अर्थ सांगावा लागत नसे, नाव स्वतःच सांगत असे, आणि पोरं पुढचा अर्धा तास घोरण्याचे आवाज काढत. पुढे एकतीस वर्षं नगर वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीत बसून केवळरामांनी हे नाव हळूहळू सोसलं, मग त्याची सवय केली, मग कधीतरी त्याच्यावर गुपचूप प्रेम करायला लागले. ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं, एवढंच त्या प्रेमाचं कारण असावं. आता नर्सने फाईल डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, “पंचफुला पाळनिजे. तुमी नाही बाबा, तुमी बसा.” ते बसले. बसताना त्यांना वाटलं, आपण कुणाच्या तरी जागेवर बसतो आहोत.

पांढऱ्या लुगड्यातली एक उंच, वाळकी बाई समोरून आत गेली. केवळरामांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. त्या डोळ्याला लुगडं निळसर पांढरं, धुतल्यासारखं दिसलं. डावा डोळा अजून जुनाच होता, त्याला तेच लुगडं तंबाखूच्या रंगाचं दिसलं. दहा दिवस ते हाच खेळ खेळत होते. एकदा हा डोळा मिटायचा, एकदा तो. घरची भिंत, बायकोचा, सत्यभामाबाईंचा चेहरा, वरणाची वाटी, सगळ्यांना दोन दोन रंग आले होते, आणि इतकी वर्षं आपण पिवळ्या जगालाच पांढरं समजत होतो याचं त्यांना हसू येत होतं. आज हसू आलं नाही. पिशवीत चाळीस पानांचं प्रूफ होतं. ‘पाळनिजे कुळाची माहिती.’ दुसऱ्यांची पुस्तकं देण्याघेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं हे एकुलतं एक स्वतःचं पुस्तक. एकोणीस वर्षं ते ते लिहीत होते आणि कुणाला सांगायला लाजत होते. वीरेंद्रच्या छापखान्यात सोमवारी ते मशीनवर जायचं होतं. दिवाळीत मुलगा कैलाश पुण्याहून येणार, चुलतभाऊ अनुप गोंदियाहून येणार, जगातले सगळे पाळनिजे एका छपराखाली जेवायला बसणार आणि प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत पडणार. सगळे म्हणजे अकरा. पान सातवर तसं छापलं होतं: ‘या आडनावाची आज हयात माणसे एकूण अकरा असून, दुसरी घरे कोठेही नाहीत.’

हे वाक्य त्यांना फार आवडत असे. त्यात एक उदासी होती आणि त्या उदासीत एक ऐट होती. उन्हाळ्यात आलेली नात रीता त्यांना मोबाईल दाखवत म्हणाली होती, “आजोबा, यात सगळ्या आडनावांची मोजणी आहे. आपलं बघा ना. जगात अंदाजे सव्वीस, बहुतेक सगळे भंडारा जिल्ह्यात.” केवळराम म्हणाले होते, “यंत्राला काय कळतं, अंदाजच तो.” रीता पुढच्या कशात तरी गुंतली होती. पण त्या दुपारी त्यांना झोप लागली नव्हती. सव्वीसमधून अकरा गेले की पंधरा उरतात. ते पंधरा कुठे असतील, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. न विचारण्यासाठी मात्र बरीच मेहनत करावी लागली होती.

बाई बाहेर आली ती सरळ त्यांच्या शेजारी येऊन बसली. डोळ्यांत औषध टाकलं होतं. तिने मान मागे टेकून मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, “तुमीबी पाळनिजेच का जी?”

“हो.”

“कोन्या गावचे?”

“खैरटोल्याचे. मोहाडी तालुका. आंधळगावच्या पुढं.”

“मंग गावचेच झाले की.” ती हसली. दात थोडेच होते, पण हसू भरघोस होतं. “तुमी सोमाजीचे नातू. केवळ. मी लग्न होऊन आली तवा तुमी असान पाच-सा वर्षाचे. चड्डी पाळीवर ठेवून तलावात उड्या मारत होते. तुमाले उघडा पाह्यला मी.”

केवळराम कानापर्यंत लाल झाले. बाकावरच्या दोनतीन चष्म्यांनी इकडे माना वळवल्या. त्यांनी बाईंचा चेहरा शोधायचा प्रयत्न केला, पाळीवरून डोक्यावर हंडा घेऊन जाणारी कुणी नवी सून आठवते का ते पाहिलं. पाणी आठवलं, पाण्याखालचा हिरवा अंधार आठवला, नाकात गेलेल्या पाण्याची झिणझिण आठवली. पाळीवरून जाणारी माणसं कुणी आठवली नाहीत. अकराव्या वर्षी ते शिकायला भंडाऱ्याला आले ते आलेच. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, “आपल्या आडनावावर एक पुस्तक लिहिलं मी. छापून राहिलं.” आणि ‘आपल्या’ हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना तो परत घ्यावासा वाटला.

“बरं केलं. त्यात झिबल हाय का?”

“कोण झिबल?”

“माहा सासरा. पाळीवर निजे तो.”

“पाळीवर आमचे पणजोबा निजत, बाई,” केवळराम अजिजीने म्हणाले. वाचनालयात चुकीचं पुस्तक मागणाऱ्याला ते असंच हळू बोलून दुरुस्त करत. “गोमाजी. त्यांच्यामागे आजोबा, सोमाजी. बंदोबस्ताच्या जुन्या कागदात आहे. पावसाळाभर पाळीवर निजण्याबद्दल तलावाखालची धानाची एक बांधी दिली होती आमच्या घराला. निजणीची बांधी. ती नक्कल छापली मी.”

“कागदावर निजले असन जी.” बाईंच्या आवाजात राग नव्हता, हेच त्यांना जड गेलं. “पाळीवर झिबल निजे. त्याच्या आंधी त्याचा बाप. बांधी तुमची होती, निजणं आमचं होतं. तुमच्या घरून घोंगडं ये, पांघराले. पर खाली टाकाचं नाही. खाली टाकलं तं ओल कशी कळन? उघड्या पाठीनं निजाचं. माती पयले थंडी पडते, मंग ओली होते. पाठीले कळलं का उठाचं अन् पाळ फुटाच्या आंधी बोंब मारत गावात पळाचं. झिबलची पाठ पाहाले पाह्यजे होती तुमी. पांढरे पांढरे चट्टे, अन् हात लावला तं मगरीवानी. आमी म्हनो, मामाजीच्या पाठीत अर्धी पाळ मुरली.”

केवळरामांच्या डोळ्यासमोर पाठ आलीच, पण ती झिबलची नव्हती. ती आजोबांची होती. खैरटोल्यात विहिरीच्या दगडावर सोमाजी बसत आणि लहानग्या केवळला पाठ चोळायला बोलवत. ती पाठ गोरी, रुंद आणि मऊ होती. उकडलेल्या अंड्यासारखी. तांब्यातलं पाणी तिच्यावरून न थांबता घसरत जाई. केवळचे हात छोटे पडत आणि सोमाजी डोळे मिटून म्हणत, “वर, अजून वर, शाबास.” ती पाठ इतक्या वर्षांत त्यांच्या मनात कितीदा येऊन गेली होती, आणि दर वेळी तिच्याबरोबर फक्त माया आली होती. एक साधा प्रश्न आला नव्हता. चाळीस पानं लिहिताना, पावसाळेच्या पावसाळे ओल्या मातीवर काढलेल्या आजोबांचं वर्णन करताना, त्या गुळगुळीत पाठीवर आपलीच दहा बोटं फिरली होती हे त्यांच्या हातांनी त्यांना सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं?

“केवळराम पाळनिजे!” नर्सने हाक मारली. पहिल्यांदाच त्यांच्या आडनावाला नाव लावावं लागलं.

ते बाहेर आले तेव्हा पंचफुलाबाईंजवळ चाळिशीकडे झुकलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उभा होता. “हा माहा नातू धर्मेंद्र. तुमसरले शाळेत शिकवते,” बाई म्हणाल्या. धर्मेंद्रने नमस्कार केला आणि क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. “आपण भेटलो आहोत, काका. मी कॉलेजात होतो तेव्हा. तुम्ही मतदारयादी घेऊन आमच्या मोहल्ल्यात आले होते. विहाराच्या बाजूच्या घरी. मी पाणी आणलं होतं.”

“असेल,” केवळराम म्हणाले.

“तुम्ही म्हणाले, तहान नाही. मे महिना होता.”

मग धर्मेंद्र शांतपणे म्हणाला, “आजीने सांगितलं पुस्तकाचं. आमची नावं त्यात यावी अशी काही आमची धडपड नाही काका. पण आम्ही नाही, असं तरी लिहू नका.”

“छापन का नाही छापन, पाळ काही वाचाले येत नाही,” बाई नातवाच्या हाताला धरत उठल्या. “उद्या आयतवार हाय. या गावाले. जागा तं पाहून घ्या, कुठी निजे तो. आंधळगावपर्यंत बसनं या, हा घेऊन येईन गाडीवर.”

घरी सत्यभामाबाईंनी त्यांच्या डोळ्यात थेंब टाकले आणि झाकण लावता लावता म्हणाल्या, “डॉक्टरनं काय सांगतलं? तोंड काहून असं केलं?” केवळरामांनी सांगितलं. सांगताना सगळं चार वाक्यांत झालं आणि त्यांना आश्चर्य वाटलं की चार वाक्यांच्या गोष्टीने छाती एवढी कशी भरली. सत्यभामाबाई चाळीस वर्षं या आडनावात राहिल्या होत्या. त्यांचं माहेर शहापूरचं, तिकडे या नावावर पुष्कळ चेष्टा झाली होती. त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, “अनुपभाऊजी दिवाळीले येनार नाही मंग. त्याईनं गोमाजीचा फोटो काढून घेतला चित्रकाराकून, हॉलमंधी लावला. पाळीवर निजलेला.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “पन निजनारा मानूस फोटोत चांगला थोडीच दिसते. मेल्यावानी दिसते.” आणि स्वतःच हसल्या. केवळरामांना हसता आलं नाही. कैलाशचा फोन आला, त्यालाही त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, “बाबा, खरं असेलही. पण दोन ओळींसाठी एवढा ताप कशाला? तुम्हाला कोण विचारायला येणार आहे?” तो चिडून बोलला नाही, काळजीनेच बोलला. हेही खरंच होतं. विचारायला कुणी येणार नव्हतं. पुस्तकं अशीच असतात, त्यात जे लिहिलेलं नाही त्याबद्दल विचारायला सहसा कुणी येत नाही. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो पुस्तकं दिली होती, आणि एकाही वाचकाने पुस्तक परत आणून म्हटलं नव्हतं की यात अमुक माणूस नाही.

त्यांनी टिपणांची जुनी वही काढली. मतदारयादी घेऊन फिरलेलं वर्ष तिच्यात होतं. खैरटोल्याचं पान आलं. डाव्या बाजूला शाईने आपल्या घरची नावं, तेव्हा नऊ. उजवी बाजू कोरी होती. खिडकीजवळ जाऊन त्यांनी पान तिरकं धरलं. डाव्या डोळ्याला तो नुसता जुना कागद होता. उजव्या, नव्या डोळ्याला कागदावर बारीक चरे दिसले, शेतातून पाणी ओसरल्यावर चिखलावर राहतात तसे. त्यांनी बोट फिरवलं. पेन्सिलीने लिहून खोडरबराने पुसलेली नावं. एक, दोन, पाच, आठ… पंधरा. आणि खाली, सगळ्यांत खोल दाबून लिहिलेली ओळ: ‘हे आपले नव्हेत.’ तीही पुसलेली. त्यांना तो दिवस सगळाच आठवला. दाराशी उभा असलेला पोरगा, स्टीलच्या पेल्यावर आलेलं दव, आपल्या जिभेला चिकटलेली तहान, आणि बसमध्ये बसल्यावर घाईघाईने काढलेली पेन्सिल. ‘आपले नव्हेत’ हे लिहून झाल्यावर समाधान वाटलं होतं. मग महिन्याभराने ती ओळ वाचवेना म्हणून पुसली. ओळ पुसली तर नावंही पुसावी लागली. त्यानंतर कोरी बाजू पाहून मन स्वतःच म्हणायला लागलं, इथे कधी काही नव्हतं. पुसून टाकलेलं आपण विसरलो होतो की विसरल्याचं पाठ केलं होतं, हे केवळरामांना अजूनही नीट सांगता आलं नसतं. त्यांना स्वतःबद्दल कधीच काही नीट सांगता येत नसे.

दुसऱ्या दिवशी आंधळगावच्या स्टँडवर धर्मेंद्र गाडी घेऊन उभा होता. रस्ताभर तो फारसं बोलला नाही, फक्त खड्डा आला की “धरा काका” म्हणायचा. दोन्हीकडे धान उभा होता. लवकर येणारा हलका धान पिवळा पडला होता, उशिरा येणारा भारी धान अजून हिरवा, आणि मधूनच कापणीला बसलेल्या बायांचे वाकलेले रंगीत पुंजके. हवेत ओल्या पेंढ्याचा गोडसर वास होता. केवळरामांना वाटलं आपण पोटात भूक नसताना भुकेच्या वासातून चाललो आहोत. हाच तांदूळ आपण जेवलो. निजणीच्या बांधीचा तांदूळ सर्वांत गोड, असं आई म्हणायची, तलावाच्या झिरप्याने ती बांधी कधी सुकत नसे म्हणून. तो झिरपा कुणाच्या पाठीखालून येत होता?

धर्मेंद्रच्या घरी त्याची बायको रत्नमाला पेल्यात पाणी घेऊन आली. केवळरामांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी प्यायले. मग म्हणाले, “अजून मिळेल?” धर्मेंद्र गाडीची किल्ली खुंटीला लावत होता. तो वळला नाही, पण थांबला.

पंचफुलाबाई त्यांना पाळीवर घेऊन गेल्या. तलाव काठोकाठ होता. कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या झाडांच्या पांढऱ्या बुंध्यांमधून पाणी दिसत होतं, आणि पाण्यावर शिंगाड्याच्या वेलांचे गालिचे, त्यांच्यावर चालत गेल्यासारखी दिसणारी छोटी पाखरं. केवळराम एकदा उजव्या डोळ्याने पाहत होते, एकदा डाव्या. निळा तलाव, पिवळा तलाव. दोन्ही खरे वाटत नव्हते. ते आपल्या लहानपणाकडे चालले होते, पण ते लहानपण पाण्याच्या बाजूला होतं, आणि बाई त्यांना पाळीच्या दुसऱ्या उतारावर नेत होत्या, जिथे ते कधीच उतरले नव्हते. “हे पाहा. इथं तोंड होतं पान्याचं, जुनं, लाकडाचं. आता सिमेंटचं केलं सरकारनं. तोंडाच्या वर पाळ कच्ची राहे. इथंच डोक्स तिकडं करून निजे.” उतारावर माणसाएवढी एक जागा जराशी खोलगट होती. तिच्यावर गवत होतं. खोलगटपणा पावसाने झाला असेल, गुरांनी झाला असेल. केवळरामांनी हे दोन्ही मनात नोंदवलं, आणि मग तिसरं काही नोंदवायचं धैर्य होईना.

“आडनाव कसं आलं तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. चाळीस पानांचं पुस्तक लिहिणाऱ्याने पहिल्यांदाच विचारलं.

“माह्या नवऱ्याले शाळेत टाकाले गेला मामाजी. मास्तरनं इचारलं, आडनाव काय? आमाले तवा कोन आडनाव ठेवे? मामाजी म्हने, मी पाळीवर निजतो. मास्तर म्हने, मंग पाळनिजे. झालं. मंग छप्पन साली दीक्षा घेतली. लय लोकाईनं नावं बदलवली, चांगलंच केलं. मामाजीले म्हने, तूबी बदलव. तो म्हने, हे नाव कायले बदलू? हे जातीचं थोडीच हाय. हे कामाचं हाय.”

केवळराम वही काढून गवतावर बसले. “नावं सांगा, बाई. आज हयात असलेली.” बाई बोटांवर मोजत सांगत गेल्या. धर्मेंद्र, रत्नमाला, त्यांची दोन मुलं, साकोलीला राहणाऱ्या दिराची माणसं, नागपुरात नोकरीला असलेले दोघे. तेरा झाली. पंधरापैकी कितीतरी जण गेले होते, दोघं तर कोरोनाच्या एकाच आठवड्यात, आणि काही नव्याने जन्मले होते. “अन् लेकी?” बाई म्हणाल्या. “लेकी धरत नाही का तुमी? माह्या दोन लेकी काय आभाळातून पडल्या?” केवळराम ओशाळून म्हणाले, “लग्न झालं की त्यांचं आडनाव…” “लिवा जी. पाळनिज्याच्या घरी जन्मल्या त्या. नवरे काही इकडं येऊन पाहात नाही.” त्यांनी लिहिलं. मग वहीवर बोट ठेवून आपल्या दोन बहिणी आणि पुस्तकात जिचा नावाशिवाय नुसता उल्लेख करून ते मोकळे झाले होते ती तिसरी, तिघींची नावंही त्यांनी डाव्या बाजूला लिहिली. पान भरत चाललं.

बाई शिंगाडे विकणाऱ्या कुणाशी तरी बोलायला वर पाळीवर गेल्या. दुपार चढली होती. उन्हात गवत ऊन, पण मुळाशी गार. केवळरामांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्यांनी स्वतःलाच लाजत सदऱ्याची बटणं काढली, सदरा बाजूला ठेवला आणि त्या खोलगट जागेत उताणे निजले. डोळ्याला ऊन लागू नये म्हणून चष्म्यावर रुमाल टाकला. पाठीला प्रथम गवताची काडी टोचली, मग खडा, मग काहीच नाही. हेही सोंगच, त्यांना वाटलं. एक दुपार निजून काय होणार? झिबल आणि त्याचा बाप मिळून किती दुपारी, किती रात्री? आपण उद्या हेही पुस्तकात घालू, ‘मी स्वतः त्या जागी निजून पाहिले’, आणि लोक म्हणतील केवळराम किती प्रामाणिक. या विचाराने ते उठणार होते, पण पाठीमागे, मातीच्या आत, भिंतीपलीकडे एवढं मोठं पाणी उभं आहे आणि ते आवाज करत नाही, या जाणिवेने अंग जड झालं. धानाचा वास आला. झोप वरून आली नाही, खालून आली.

वाचनालयाची खिडकी होती आणि खिडकीपलीकडे तलाव. केवळराम कार्डं लावत होते, पण प्रत्येक कार्डावर पाठ छापली होती, चट्ट्यांची, आणि खाली तारीख. “पाळनिजे!” नर्सने हाक मारली. बाकांवरून माणसं उठायला लागली. एक उठला, दुसरी उठली, चड्डी हातात धरलेलं एक पोर उठलं, रीता उठली, स्टीलचा पेला घेतलेला धर्मेंद्र उठला, ज्यांची नावं पुसली होती तेही उठले, आणि खोली इतकी भरली की भिंतीला ओल आली. नर्स म्हणाली, “सगळे आले, आता कोण राहिलं?” केवळराम एकटे निजलेले होते. त्यांना उठायचं होतं, पण पाठीखाली मऊ घोंगडं होतं, फार मऊ, पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि त्याच्यामुळे काही कळत नव्हतं. कुणीतरी ते घोंगडं खालून हळूच ओढून घेतलं.

पाठ गार पडली. गार, मग दमट, मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी ओलीचे दोन हात पसरत गेले. केवळरामांनी डोळे उघडले. रुमालाचा पांढरा उजेड होता. काही क्षण त्यांना आपलं नाव आठवेना, आणि ते न आठवणं फार सुखाचं होतं. मग वरून आवाज आला. “अगा बाप्पा! खरंच निजले!” पंचफुलाबाई काठावर उभ्या राहून हसत होत्या. “लागली का ओल?”

“लागली.”

“मंग उठा लागते जी. ओल लागल्यावर झिबल निजून नाही राहे.”

केवळराम उठून बसले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला आणि वीरेंद्रला लावला. वीरेंद्र जेवत होता. “बोला काका. उद्या सकाळी मशीनवर, आहे ना लक्षात?”

“पान सात काढ. ‘दुसरी घरे कोठेही नाहीत’ ही ओळ पूर्ण खोड. अकराही खोड.”

“अकरा खोडू? मग किती टाकू?”

“नावं मोजून सांगतो. आणि वरची ओळ. ‘गोमाजी व सोमाजी पाळीवर निजत.’ तिथं लिही, ‘गोमाजी व सोमाजी घरात निजत.’”

पलीकडे घास थांबल्याचं ऐकू आलं. “काका, हे असं छापायचं? घरात निजत? घरात तर सगळेच निजतात. लोक हसतील. अनुपकाका तर माझ्या दुकानात येऊन भांडतील.”

“भांडू दे.”

“बरं. पण मग पाळीवर कोण निजत होतं?”

केवळरामांनी तोंड उघडलं. नाव त्यांना माहीत होतं. पण ते आपल्या तोंडून जाऊ नये असं त्यांना वाटलं, का ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी फोन वर धरला. पंचफुलाबाई दोन पावलं उतरून आल्या, फोन हातात घेऊन तो तोंडापासून वीतभर लांब धरला, आणि तलावापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्याने म्हणाल्या, “झिबल! लिवा. झिबल पाळनिजे.” वीरेंद्रने काहीतरी विचारलं. “हो, निजे,” बाई म्हणाल्या, “उघड्या पाठीनं,” आणि फोन परत न देता पुढची नावं सांगू लागल्या. केवळराम सदरा हातात घेऊन उभे राहिले. तलावावरून वारा आला आणि ओल्या पाठीला लागला. त्यांनी सदरा लगेच घातला नाही.